‘वादग्रस्त’ नेता, ‘संमिश्र’ प्रतिक्रिया : हे शब्द नेमकं काय सांगतात?

बोरीकाठ, अमळनेर

मी बातमीलेखन शिकवते. परदेशी नेत्याच्या मृत्यूची जुनी बातमी मराठीत लिहा, असा सराव मुलांना दिला होता. निम्म्यांना ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर, निम्म्यांना क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो. वह्या तपासायला घेतल्या तर जवळपास प्रत्येकीत एकच वाक्य : ‘या वादग्रस्त नेत्याच्या निधनानंतर संमिश्र प्रतिक्रिया उमटल्या.’ व्याकरण बिनचूक. पण त्या वाक्यातून थॅचरबाई काढून कॅस्ट्रो घातले, कॅस्ट्रो काढून आणखी कोणी घातलं, तरी काही बिघडत नाही.

आता झालं काय होतं ते बघा. थॅचर 8 एप्रिल 2013 ला गेल्या. 17 तारखेला लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये लष्करी इतमामात अंत्यविधी झाला, राणी स्वतः हजर होती. त्याच दिवशी यॉर्कशायरमधल्या गोल्डथॉर्प या कोळसा खाणीच्या गावात त्यांचा पुतळा जाळला. थॅचर यांच्या राजवटीतला 1984-85 चा खाणकामगारांचा संप आणि त्यानंतर बंद पडलेल्या खाणी ते गाव विसरलं नव्हतं. कॅस्ट्रो 25 नोव्हेंबर 2016 ला गेले. क्यूबात नऊ दिवस दुखवटा, आणि अमेरिकेतल्या मायामीच्या ‘लिटल हवाना’ भागात क्यूबातून परागंदा झालेली माणसं रात्रीच रस्त्यावर येऊन तवे-पातेली बडवत नाचत होती.

यात ‘संमिश्र’ काय आहे? रडणारे पूर्ण रडत होते, नाचणारे पूर्ण नाचत होते. माझ्या मते ही ‘परस्परविरोधी’ प्रतिक्रिया. ‘संमिश्र’ म्हणायचं तर एकाच माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी कालवलेल्या हव्यात.

दुसरा संशय ‘वादग्रस्त’वर. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, व्याधिग्रस्त : या सगळ्यांत ‘ग्रस्त’ माणूस सोसणारा आहे. संकटानं त्याला ग्रासलंय. मग ज्यानं आयुष्यभर वाद ओढवले, पेटवले, कधी त्यांवर निवडणुका जिंकल्या, तो ‘ग्रस्त’ कसा?

केळीबाग, रावेर

ताई, ‘ग्रस्त’चं एकदम पटलं. आमच्याकडे ‘करपाग्रस्त केळी’ म्हणतात. केळीनं काही करपा बोलावलेला नसतो. पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज होतो. ‘वादग्रस्त नेता’ वाचलं की मला वाटतं, आता याचाही पंचनामा करून शासन काहीतरी देणार.

पांझराकाठ, धुळे

जरा थांबा. ‘वादग्रस्त जमीन’ म्हणताना आपल्याला काही खटकत नाही, कारण जमिनीवर दोघांनी दावा सांगितलेला असतो. मेलेल्या नेत्याचंही तसंच होतं. हयात असताना तो वाद करतो, गेल्यावर त्याच्यावर वाद होतो. म्हणून निधनाच्या बातमीत ‘वादग्रस्त’ मला फारसा चुकीचा वाटत नाही. त्याच्या भर सभेच्या बातमीत मात्र चुकीचा. तिथे ‘वाद ओढवून घेणारे’ असं सरळ लिहावं.

‘संमिश्र’बद्दल असहमत. कपाशीत तुरीच्या ओळी असतात. ओळी वेगळ्या, पिकं वेगळी, तरी आपण मिश्र पीकच म्हणतो ना? शेत एक म्हणून मिश्र. तसा समाज एक, म्हणून प्रतिक्रिया संमिश्र.

केळीबाग, रावेर

भाऊ, तुम्ही शेती सोडून फार वर्षं झालेली दिसतात. ओळी वेगळ्या असतील तर ते आंतरपीक. बी एकत्र करून पेरलं तर मिश्र पीक. तुमच्याच दाखल्यानं ताईंचा मुद्दा सिद्ध झाला.

पांझराकाठ, धुळे

बरं बाबा, मग ‘आंतरप्रतिक्रिया’ म्हणा.

सूर्यकन्या, भुसावळ

मला क्रियापदांबद्दल बोलायचंय, कारण खरा निकाल तिथेच लागतो. निधन झालं, देहावसान झालं, निवर्तले, वारले, गेले, मेले, मेला. विशेषणं सगळ्यांना सारखीच वाटली जातात. नेत्याबद्दल कोणाला काय वाटतं हे कळायचं असेल तर तो ‘गेले’ म्हणतो की ‘गेला’, एवढंच ऐकावं.

पण खान्देशात एक गंमत आहे. आमच्या घरात अहिराणी. माझी आजी सख्ख्या थोरल्या भावाबद्दलसुद्धा ‘तो मरी गया’ असंच म्हणायची. त्यात अपमान नव्हता, उलट ते सांगताना तिचा पदर डोळ्याला असायचा. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला ते ‘मरी गया’ ऐकून वाटतं, अरे, किती तुसडेपणा! एखाद्या मोठ्या पुढाऱ्याच्या मृत्यूवर इकडच्या कोणी अहिराणीत दोन ओळी लिहिल्या, की त्या एकवचनावरून खाली भांडण लागलेलं मी पाहिलंय. लिहिणारा श्रद्धांजली वाहतोय आणि वाचणारा त्याला कृतघ्न ठरवतोय.

थॅचर यांच्या वेळी ‘चेटकीण मेली’ अशा अर्थाचं एका जुन्या सिनेमातलं गाणं लोकांनी मुद्दाम विकत घेऊन ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेलं होतं. बीबीसीला ते वाजवावं की नाही असा पेच पडला, शेवटी बातमीचा भाग म्हणून काही सेकंदच ऐकवलं. ते ‘मेली’ आणि माझ्या आजीचं ‘मरी गया’ कोशात शेजारी शेजारी बसतील. बोलणाऱ्यांच्या मनात त्यांचा काही संबंध नाही.

गांधली रोड

एवढी चर्चा कशाला? आपल्याकडे सांगून ठेवलंय, मरणान्तानि वैराणि. माणूस गेला की वाईट बोलू नये. विषय संपला.

बोरीकाठ, अमळनेर

नाना, त्या ओळीत ‘वाईट बोलू नये’ कुठेच नाही. रामायणाच्या युद्धकांडात रावण पडल्यावर बिभीषण त्याचे अंत्यसंस्कार करायला कां-कू करतो. कारणही देतो : याचं वागणं मानाच्या लायकीचं नव्हतं. तेव्हा राम म्हणतो,

मरणान्तानि वैराणि निवृत्तं नः प्रयोजनम् ।
क्रियतामस्य संस्कारो ममाप्येष यथा तव ॥

वैर मरणापर्यंत, आपलं काम झालं, आता याचा संस्कार कर, तो जसा तुझा तसा माझाही. रावणानं जे केलं ते ठीक होतं, असं राम म्हणत नाही. सीताहरण विसरा असंही म्हणत नाही. प्रेताची विटंबना नको, क्रियाकर्म नीट होऊ द्या, एवढंच. ‘वैर’ संपवा म्हटलंय, हिशेब नव्हे. आपण मात्र हे अर्धं चरण टीकाकाराचं तोंड बंद करायला वापरतो, आणि तेही बहुतेक वेळा आपल्याच पक्षाचा नेता गेला असेल तर.

गांधली रोड

मान्य. पण गावात मयत असताना दारवर बसायला गेलेल्या माणसानं तिथेच भाऊबंदकीचा पाढा वाचावा का? वेळकाळ असतो की नाही? गंधमुक्ती, म्हणजे सुतकानंतरचा विधी, होऊ द्या, मग बोला.

सूर्यकन्या, भुसावळ

नाना, दारवर गेलेला माणूस गप्प बसला तर ते बरोबरच. पण नेत्याची गोष्ट अशी, की गंधमुक्तीपर्यंत गप्प राहायला फक्त विरोधकांना सांगतात. समर्थक तेवढ्या दिवसांत रस्त्याला नाव आणि पुतळ्याला जागा मागून मोकळे होतात. शिवाय मेल्या म्हशीला मणभर दूध सुरू होतं ते वेगळंच.

पांझराकाठ, धुळे

म्हशीवरून आठवलं, ‘अजातशत्रू’! कोणताही पुढारी गेला की पहिल्या पानावर ‘अजातशत्रू नेतृत्व हरपले’. ज्याच्यावर गेल्या महिन्यात याच वर्तमानपत्रानं लेखमाला चालवली, तो एका रात्रीत अजातशत्रू. मुळात हे धर्मराजाचं विशेषण, आणि त्या धर्मराजालाही अठरा दिवस युद्ध करावं लागलं. मगधाचा राजा अजातशत्रू तर बौद्ध परंपरेप्रमाणे बापाच्या, बिंबिसाराच्या, जिवावर उठलेला. म्हणजे श्रद्धांजली वाहताना आपण नेमका कोणता अजातशत्रू म्हणतोय, ते मोघमच ठेवलेलं बरं.

केळीबाग, रावेर

‘कधीही भरून न येणारी पोकळी’ पण घ्या यादीत. पोटनिवडणुकीत सहा महिन्यांत भरते.

सातपुड्याचा पायथा, चोपडा

हसण्यावारी चाललंय म्हणून एक आठवण करून देतो. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले. लाखो लोक अंत्ययात्रेला, मुंबई बंद. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर सवाल केला, दुसरीनं तो आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. गेलेल्या माणसाबद्दल तिनं शिवी दिली नव्हती. शहर आदरानं नव्हे, भीतीनं बंद आहे, असं तिचं म्हणणं. त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66 अ पुढे सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवलं. म्हणून सांगतो, ‘संमिश्र प्रतिक्रिया’ हा शब्द पत्रकार आळसानंच वापरतो असं नाही. कोण काय म्हणालं ते न लिहिता सुटका होते. गावच्या वार्ताहराला दुसऱ्या दिवशी त्याच चौकात चहा प्यायचा असतो.

बोरीकाठ, अमळनेर

दादा, हे मी वर्गात सांगणार आहे. शब्द ढाल म्हणून वापरला असेल तर मुलांनी तो ओळखावा, उगाच सवय म्हणून उचलू नये.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे. खरोखर ‘संमिश्र’ काय असतं, तर ज्यानं तीस वर्षं त्या नेत्याच्या विरोधात सतरंज्या उचलल्या, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या, त्याला ती बातमी ऐकून जे होतं ते. आनंद होत नाही. दुःख म्हणवत नाही. ‘गया बिचारा. आते कसाले बोलानं?’ म्हणतो, आणि पुढचा अर्धा तास त्याच्याच गोष्टी सांगत बसतो. ‘जसा व्हता तसा, पन आपला व्हता’ हेही ऐकलंय, कट्टर विरोधकाच्या तोंडून. याला मराठीत शब्द आहे, ‘हळहळ’. पण बातम्यांनी त्याचीही वाट लावली : ‘सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे.’ हळहळ अशी व्यक्त-बिक्त होत नाही, ती लागते, वाटते.

आणि ‘सुटले’! हे तर उघड संमिश्र. ‘सुटले हो बिचारे’ म्हटलं की आजारातून ते सुटले. ‘सुटलो’ म्हटलं की आपण. ‘सुटलं एकदाचं’ म्हणणारा कोण सुटलं ते सांगतच नाही.

सूर्यकन्या, भुसावळ

ताई, कॅस्ट्रोंच्या बातमीत तुम्ही ‘दुखवटा’ लिहिलंत ते मात्र चपखल. दुःख होतं, दुखवटा पाळतात. क्यूबात त्या नऊ दिवसांत जाहीर गाणं-बजावणं बंद होतं, अस्थी हवानाहून सान्तियागोपर्यंत रस्त्यानं नेल्या, दुतर्फा माणसं उभी होती. त्यातलं कोण मनानं आलं, कोण यावं लागलं म्हणून आलं, हे ‘दुखवटा’ विचारतच नाही. ‘शोकसागरात बुडाले’ लिहिलं असतं तर सगळ्यांच्या मनातलं आपणच ठरवून टाकलं असतं.

गांधली रोड

मग त्या मुलांना शीर्षक काय सुचवताय?

बोरीकाठ, अमळनेर

‘कॅस्ट्रो यांचे निधन, हवानात दुखवटा, मायामीत जल्लोष’. कोण, कुठे, काय, तिन्ही आलं. ‘वादग्रस्त’ची गरजच पडली नाही.

केळीबाग, रावेर

‘जल्लोष’ पण पेपरातलाच शब्द. गुलाल दिसतो त्यात. ‘मायामीत नाच’ लिहा.

पांझराकाठ, धुळे

नाच नको, ‘मायामीत ताटं वाजली’ लिहा म्हणतो मी. पण 2020 नंतर त्याचाही अर्थ बदललाय.