मॉर्फिन तालुक्याच्या गावात मिळावं की नाही?

माणदेशी:
मोठ्या मामांना जबड्याचा कॅन्सर होता. ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध लागू पडेनासं झालं तेव्हा रात्रभर उशीचा कोपरा मुठीत धरून बसून असायचे. आडवं होता यायचं नाही. आसपास कुठेच मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं कडक वेदनाशामक, नाही, म्हणून दर पंधरवड्याला मी रात्रीच्या एसटीनं मुंबई गाठायचो, १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांसाठी. पहिली गोळी पोटात गेल्यावर तासाभरानं मामांनी चहा मागितला, बशीत ओतून.

१९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या धाकानं दवाखान्यांनी हे औषध ठेवणंच सोडलं. २०१४ला दुरुस्ती झाली. चार-पाच परवान्यांऐवजी मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मंजुरी पुरते. तरी ठेवत नाहीत. अफू आपल्याच देशात पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि आमच्या माणसानं विव्हळत बसायचं?

औषधवाले नाना:
मामांचं वाईट वाटलं. पण काउंटरच्या या बाजूनंही बघा. ट्रॅमाडॉल २०१८ला एनडीपीएसमध्ये आलं. त्याआधी 'कंबर दुखतेय' म्हणत विशीतली पोरं यायची, अख्खं पाकीट मागायची. अमेरिकेतही 'रुग्णाला दुखण्यात ठेवू नका' असंच म्हणत १९९६ला पर्ड्यू कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी विकायला काढली. त्याच कंपनीनं पुढं दोनदा कोर्टात गुन्हा कबूल केला, २००७ आणि २०२०. मेलेले परत आले का? २०२२च्या एका वर्षात तिकडं ओपिऑइडनं, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांनी, ८० हजारांवर माणसं गेली. लांब कशाला, टॅपेंटाडॉल हे ओपिऑइड आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध, यांच्या मिश्र गोळ्या आपल्याकडून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जातात हे २०२५ला उघड झालं. कारखाना पालघरचा!

भूलवाली:
नाना, त्या ८० हजारांत बहुतेक बळी रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या बेकायदा फेंटानिल या ओपिऑइडचे. ते मॉर्फिनच्या ५० ते १०० पट जहाल. ऑपरेशनला मी ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून देते, नजर मॉनिटरवर, कारण हे औषध श्वास मंदावतं. उतारा म्हणून नॅलोक्सोन हाताशी असतं. कॅन्सरच्या रुग्णाला तोंडावाटे मॉर्फिन म्हणजे थोड्यापासून सुरू करून, दर चार तासांनी, दुखणं बघत डोस वाढवायचा. सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच. ते लिहायला विसरतात आणि बद्धकोष्ठानं हैराण झालेला रुग्ण गोळीच सोडतो. शरीराला सवय होणं वेगळं, व्यसन वेगळं.

पण साध्या कंबरदुखीला महिनोन्‌महिने लिहून देणारे डॉक्टर माझ्याच बिरादरीतले आहेत, हेही खरं.

औषधवाले नाना:
मग झालं तर! मॉनिटर नि भूलतज्ज्ञ तालुक्याला आणणार कुठून?

भूलवाली:
गोळीला मॉनिटर लागत नाही हो. शिकलेला एक डॉक्टर आणि नीट भरलेलं रजिस्टर लागतं. केरळात हे घरोघरी पोचलंय.

औषधवाले नाना:
रजिस्टर दवाखान्यात. घरी कोण मोजतं? माणदेशी, रागावू नका, मामा गेल्यावर उरलेल्या गोळ्यांचं काय केलंत?

माणदेशी:
सात होत्या. मामींनी लुगड्यांच्या घडीखाली ठेवल्यात. 'त्यांची शेवटची वस्तू' म्हणून कुणाला हात लावू देत नाहीत. घरात मामेभावाची दोन पोरं आहेत, थोरला अकरावीला.

भूलवाली:
मामींशी आज रात्रीच बोला. जिथून आणल्या तिथेच परत द्यायच्या, मोजून.