मदत हवी आहे: कस्टम घड्याळांवरून ट्रेडमार्कची नोटीस, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

काटेकोर
एका मोठ्या स्विस कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आहे. मी घड्याळं कस्टमाइझ करतो. डायलचा रंग, काटे, बेझल (काचेभोवतीचं कडं), पट्टा. नकली मालाला कधी हात लावलेला नाही. केस (बाहेरचं कवच) अस्सल, मशीन अस्सल, सिरीयल नंबर जागच्या जागी. तरी म्हणतात ट्रेडमार्कचं उल्लंघन. काम ताबडतोब थांबवा, शिल्लक माल ताब्यात द्या, आजवरचा हिशोब द्या आणि सोबतच्या कागदावर सही करून पाठवा. मुदत शुक्रवारची.

पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या घड्याळाचं काय करायचं हे कंपनी कशी ठरवणार? उत्तरात नेमकं काय लिहायचं ते सांगा. नुसतं "वकील गाठा" नको, ते मलाही कळतं.

हडपसरकर
कुठली कंपनी? नोटिशीचा फोटो टाका, त्याशिवाय कसं सांगणार?

काटेकोर
कंपनीचं नाव आणि फोटो, दोन्ही टाकणार नाही. मुद्दा कुठल्याही महागड्या कंपनीला लागू होईल असाच आहे.

सुलभा_झुरिक
अजिबात सही करू नका! 19 जानेवारी 2024 ला इथल्या, म्हणजे स्वित्झर्लंडच्या, संघीय सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच प्रश्न निकाली काढलाय. रोलेक्सने जिनिव्हातल्या एका कस्टमायझरवर दावा लावला होता. निकालपत्रात नाव नाही, पण आर्टिझान्स द जनेव्ह हे नाव सगळ्या पेपरांत आलं. खालच्या कोर्टात रोलेक्स जिंकली होती. वर निकाल फिरला. मालकाने स्वतःचं घड्याळ आणून दिलं, त्याच्या सांगण्यावरून आणि त्याच्या स्वतःच्या वापरासाठी तुम्ही ते बदललं, तर हक्कभंग नाही. खुद्द रोलेक्सच्या देशातला निकाल आहे, तुमच्या उत्तरात हाच लावा.

मुक्ताई
सुलभाताई, निकाल अर्धाच सांगितलात. त्याच कोर्टाने हेही म्हटलंय की मूळ ब्रँड ठेवून बदललेलं घड्याळ स्वतः बाजारात विकायला काढलं तर ट्रेडमार्कच्या मालकाची परवानगी लागते. शिवाय जाहिरातीत रोलेक्सचं नाव कसं वापरलं हे तपासायला प्रकरण जिनिव्हाच्या कोर्टाकडे परत गेलं. म्हणजे सरसकट जिंकले असं नाही.

आपल्याकडे ट्रेडमार्क कायदा 1999, कलम 30 बघा. पोटकलम 3 प्रमाणे माल एकदा कायदेशीर विकला गेला की पुढच्या विक्रीला हरकत घेता येत नाही. पण लगेच पोटकलम 4 आहे: मालाची स्थिती बदलली किंवा बिघडवली असेल तर कंपनीला योग्य कारणाने हरकत घेता येते. कस्टम घड्याळ नेमकं तिथेच अडकतं. त्यातल्या त्यात आधार म्हणजे मे 2024 मधला दिल्ली उच्च न्यायालयाचा सीगेटच्या जुन्या हार्ड डिस्कचा निकाल. दुरुस्त केलेला माल विकू दिला, पण माल वापरलेला आहे, कुणी दुरुस्त केलाय आणि मूळ कंपनीची वॉरंटी नाही, हे सगळं खोक्यावर ठळक लिहायच्या अटीवर.

आता काटेकोर, तीन गोष्टी सांगा. घड्याळं गिऱ्हाइकाची की तुमची? विक्री कुठे करता? आणि नोटीस मुंबईच्या फर्मची आहे की दिल्लीच्या?

दर्यावर्दी
डायलवरची नक्षी तुमची स्वतःची असेल तर आधी तिचा कॉपीराइट नोंदवून टाका. माझ्या भावाने टी-शर्टच्या डिझाइनचा नोंदवला होता, ऑनलाइन होतं सगळं.

मुक्ताई
दर्यावर्दी, इथे यांचं डिझाइन कुणी चोरलेलं नाही. कॉपीराइटचा संबंध नाही.

काटेकोर
मुंबई-दिल्लीचा प्रश्नच नाही, मी प्लेनोला असतो. नोटीस न्यूयॉर्कच्या फर्मची आहे.

घड्याळं दोन्ही प्रकारची. बहुतेक गिऱ्हाइकांची, आणि काही मी सेकंडहँड घेऊन, काम करून इन्स्टावर विकतो. कारागिरी बघायची असेल तर कधीही दाखवतो. मूळ फॅक्टरीच्या तबकडीपेक्षा माझी सरस असते, हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

ह्यूस्टनवाला
प्लेनो टेक्सास म्हणजे फिफ्थ सर्किट (त्या भागाचं केंद्रीय अपील न्यायालय). मग स्विस निकाल आणि कलम 30, दोन्ही बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडणारा निकाल टेक्सासमधूनच गेलेला आहे: रोलेक्स विरुद्ध बेकरटाइम, 26 जानेवारी 2024. स्विस निकालानंतर एका आठवड्याने, आणि दिशा उलटी. बेकरटाइम जुनी रोलेक्स घेऊन त्यांना बाहेरचे हिरेजडित बेझल, पट्टे, नव्याने केलेल्या डायल बसवून "अस्सल रोलेक्स" म्हणून विकत होते. कोर्टाने उल्लंघन ठरवलं. त्यांचा बचाव 1947 च्या चॅम्पियन स्पार्क प्लगच्या निकालावर होता. तिथे सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्त केलेले प्लग मूळ नावाने विकू दिले होते, वर "दुरुस्त केलेला" असा शिक्का मारून. पण त्याच निकालात मर्यादाही आहे: बदल इतका मोठा असेल की वस्तूच नवी झाली, तर मूळ नाव चालत नाही. 1999 मध्ये कॅलिफोर्नियाकडच्या नाइन्थ सर्किटने मिशेल प्रकरणात बदललेल्या रोलेक्सबद्दल तेच म्हटलं होतं.

एकच दिलासा. कंपनी बरीच वर्षं गप्प बसली म्हणून बेकरटाइमकडून नफा वसूल करायला कोर्टाने नकार दिला. तुमचं काम कंपनीला कधीपासून माहीत आहे? पूर्वी त्यांच्याकडून काही पत्र, ईमेल?

कोलोराडोकर
इतकं घाबरवू नका त्यांना. व्हॉर्टिकचं नाव ऐकलंय का? आमच्या फोर्ट कॉलिन्सची छोटी कंपनी. जुन्या अमेरिकन खिशातल्या घड्याळांची मशीनं आणि तबकड्या घेऊन मनगटी घड्याळं बनवतात. तबकडीवर हॅमिल्टनचं नाव तसंच होतं. स्वॉच ग्रुपच्या हॅमिल्टनने दावा लावला. 2020 ला न्यूयॉर्कच्या कोर्टात आणि 2021 ला अपिलात, दोन्हीकडे व्हॉर्टिक जिंकली. छोटा माणूस लढला की जिंकतो, सही केली की संपला. काटेकोर, लढा!

ह्यूस्टनवाला
व्हॉर्टिक का जिंकली तेही सांगा ना. केस त्यांची स्वतःची, घड्याळाच्या पाठीवर त्यांचं नाव, आणि आत शंभर वर्षं जुनं मशीन बसवलंय हे जाहिरातीत उघड लिहिलेलं. हे आजच्या हॅमिल्टनचं नवं घड्याळ आहे असं कुणाला वाटणं शक्य नव्हतं. शिवाय तो सेकंड सर्किटचा निकाल, टेक्सासवर बंधनकारक नाही.

काटेकोर, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आणि दुसरा प्रश्न: डायल रंगवल्यावर लोगोचं काय करता?

काटेकोर
जुना ईमेल वगैरे काही नाही, थेट नोटीसच.

लोगोचं म्हणजे काय? जुना रंग काढला की छपाईही जाते. मग रंग देऊन, लॅकर मारून परत पॅड प्रिंटिंगने (कोरलेल्या प्लेटवरची शाई मऊ पॅडने उचलून) छापतो. मूळ होता तोच, त्याच जागी, त्याच मापात. नावाशिवाय डायल बोडकी दिसते आणि गिऱ्हाईक घेत नाही.

मुक्ताई
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. लोगो तुम्ही स्वतः छापताय, मग "घड्याळ मी विकत घेतलं" हा मुद्दा उरत नाही. घड्याळ घेतलं म्हणजे चिन्ह छापायचा हक्क मिळत नाही.

ह्यूस्टनवाला
मुक्ताईंशी शंभर टक्के सहमत. इथल्या कायद्यात बनावट चिन्हासाठी वेगळी नुकसानभरपाई आहे. प्रत्यक्ष तोटा सिद्ध न करता प्रत्येक चिन्हामागे 1,000 ते 2,00,000 डॉलर, आणि हेतुपुरस्सर ठरलं तर 20 लाख डॉलरपर्यंत. तुमची छपाई त्यात बसते की नाही यावर वकील वाद घालू शकेल, पण नोटिशीत "काउंटरफीट" शब्द आहे का बघा. असेल तर हे इन्स्टाच्या धंद्यापुरतं प्रकरण नाही.

काटेकोर
आहे. दुसऱ्या पानावर.

गिरगावकर
लोगो परत छापण्याचं म्हणाल तर आपल्या मुंबईत कित्येक वर्षं हेच चाललंय. एचएमटी, फाव्र-ल्यूबा, सेको फाइव्ह, सगळ्यांच्या तबकड्या रंगवून नावं छापून जगभर जातात. परदेशातले संग्राहक त्यांना "मुंबई स्पेशल" म्हणतात आणि नवख्यांना लांब राहायला सांगतात. आजोबांच्या फाव्र-ल्यूबाची तबकडी एकाने अशीच भगवी करून दिली. मूळचा चंदेरी रंग गेला तो गेलाच. कुणाकडे जुनं घड्याळ असेल तर हात जोडून सांगतो, डागाळलेलं असलं तरी तसंच ठेवा.

आनंदी_पुणे
गिरगावकर, फाव्र-ल्यूबाचे सुटे भाग कुठे मिळतात हो? सी चीफ आहे, काचेला तडा गेलाय.

गिरगावकर
चोरबाजारात शुक्रवारी सकाळी लवकर जा. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

सुलभा_झुरिक
धागा भरकटतोय. काटेकोर, इन्स्टावरचे सगळे फोटो आजच्या आज डिलीट करा. पुरावाच उरणार नाही.

मुक्ताई
नाही! कृपया असं काही करू नका. वाद होणार हे कळल्यावर पुरावा नष्ट केला तर कोर्टात तेच सगळ्यात महागात पडतं. कंपनीने स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवलेले असणार. विक्री थांबवा, पोस्ट लोकांना दिसणार नाहीत अशा ठेवा, पण पुसू नका. मेसेज, बिलं, इनव्हॉइस, डायलच्या प्लेट, सगळं जपून ठेवा.

सुलभा_झुरिक
लोकांना दिसत राहिलं तर रोज नवं उल्लंघन मोजतील, म्हणून म्हटलं.

मुक्ताई
म्हणूनच लपवा म्हटलं. लपवणं वेगळं, पुसणं वेगळं.

नंदू_घड्याळजी
मी ठाण्याला दुरुस्तीचं दुकान चालवतो, कायद्याचं कळत नाही. पण या पोराच्या हातात कला आहे ना, मग दुसऱ्याचं नाव कशाला छापायचं? सेकोचं एनएच35 मशीन सुटं मिळतं, दणकट असतं. केस बनवून घे, डायल तुझी, नावही तुझं. लंडनचे बॅमफर्ड पूर्वी रोलेक्स काळी करून विकायचे. 2017 पासून झेनिथ आणि टॅग होयर यांच्याबरोबर रीतसर काम करतात. बाहेरचे भाग बसवलेलं घड्याळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दिलं तर बहुधा हात न लावता परत येतं, मग गिऱ्हाईक आमच्याकडे रडत येतं. ते एक बरं नाही वाटत.

कोलोराडोकर
म्हणजे कंपनीपुढे मान तुकवायची? लोक स्वतःच्या गाड्या रंगवतात, तेव्हा कुणी नोटीस पाठवत नाही.

नंदू_घड्याळजी
गाडी रंगवून शोरूमची म्हणून कुणी विकत नाही.

ह्यूस्टनवाला
काटेकोर, शुक्रवारसाठी माझं मत. स्वतः लांबलचक उत्तर लिहू नका. त्यात कारागिरीबद्दल अभिमानाने लिहिलेलं वाक्य तुमच्याच विरुद्ध वापरतील. वकिलाकडून दोन ओळींचं पत्र जाऊ दे: नोटीस मिळाली, विक्री थांबवली, उत्तराला मुदतवाढ हवी. मुदतवाढ बहुतेक वेळा मिळते. सोबतच्या कागदावर सही मात्र वाटाघाटीशिवाय नको. गिऱ्हाइकांची नावं मागितली आहेत का, ते नीट वाचा. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) आहे का? बिझनेस इन्शुरन्स असेल तर त्यांनाही कळवा, ट्रेडमार्क वगळलेला असू शकतो तरी कळवा. आणि गिऱ्हाइकांच्या घड्याळांचा हिशोब तुमच्या विक्रीपासून वेगळा काढा. तडजोडीत उपयोगी पडला तर तोच पडेल.

काटेकोर
एलएलसी आहे. इन्शुरन्सवाल्यांना आज मेल केला. गिऱ्हाइकांची यादी मागितली आहे, आणि ती द्यायला माझं मन अजिबात तयार नाही. लोकांनी विश्वासाने घड्याळं दिली आहेत.

डॅलसच्या एका वकीलबाईंशी बोललो, मुदतवाढीचं पत्र त्या पाठवताहेत. लोगोच्या छपाईबद्दल त्यांनी मुक्ताईंसारखंच सांगितलं. पॅड आणि प्लेट खोक्यात घालून त्यांच्याकडे जमा करतोय. गिऱ्हाइकांची जी घड्याळं सध्या माझ्याकडे उघडी पडलेली आहेत ती जोडून परत देता येतील का, ते त्या उद्या सांगणार आहेत.

नंदूकाका, एनएच35 ला बसेल अशी 28.5 मिमीची कोरी पितळी डायल तुमच्याकडे मिळते का? लॅकर माझा मी करीन.

नंदू_घड्याळजी
मिळते. डायलच्या मागच्या पायांची (मशीनमध्ये बसणाऱ्या खुंट्यांची) जागा बघून घे, चावी तीनच्या आकड्याला की चारच्या त्यावर पाय बदलतात. किती हव्यात ते व्यनि कर.

आनंदी_पुणे
मलाही एक हवी आहे, सी चीफसाठी.

गिरगावकर
सी चीफला ती बसणार नाही. आणि आधी काच बदला, तबकडीला हात लावू नका.