फर्मच्या मेलला चाळणी बारीक लावावी की मोठ्या भोकाची?

तापीकाठ (धागाकर्ता)

रावेर-यावलचे केळीवाले, जळगाव एमआयडीसीतल्या डाळमिली, शहादा-शिरपूरकडची जिनिंगं. वेबसाईट कुणाचीही उघडा, खाली ठळक अक्षरांत एकच पत्ता: 'इन्फो ॲट अमुक'. पानंच्या पानं चाळून पत्ते उचलणारे बॉट रात्रंदिवस फिरतात, त्यांना याहून सोपं काय? मग सुरू होतं, 'तुमची साईट गुगलवर पहिली आणतो', 'पार्सल अडकलंय, 49 रुपये भरा', 'मेलबॉक्स भरला, पासवर्ड टाका'.

माझ्या मते चाळणी बारीकच हवी. पत्ता पानावर लिहूच नका. चौकशीचा फॉर्म ठेवा, त्याला कॅपचा (समोर माणूस आहे की बॉट ते ओळखणारी चाचणी) लावा. कॅच-ऑल बंद करा. तो चालू असला की ॲटच्या आधी काहीही लिहा, सेल्स, ॲडमिन, राजू, मेल आत येतोच, आणि अंदाजपंचे पत्ते ठोकणाऱ्यांचं फावतं. होस्टिंगच्या मेलवर एक्सई, जेएस, आयएसओ आणि एचटीएमएल जोडपत्रं सरळ नाकारा. एचटीएमएल तर आधी. ती फाइल उघडली की मेलच्या लॉगिनसारखं हुबेहूब पान आपल्याच कॉम्प्युटरवरून उघडतं, त्यामुळे ब्राउझर बऱ्याचदा धोक्याची सूचनाही देत नाही. अनसबस्क्राइब कधीच दाबू नका, पत्ता जिवंत असल्याचं समोरच्याला कळतं. आणि स्पॅमचा फोल्डर उघडायची गरज नाही, जीमेल 30 दिवसांनी तो आपोआप साफ करतं.

डाळबट्टी

असहमत, आणि शेवटच्या वाक्याशी तर पूर्ण असहमत.

आखातातल्या नव्या खरेदीदाराचा पहिला मेल कसा असतो ते डोळ्यांसमोर आणा. अनोळखी पत्ता, तोही फुकटच्या सेवेवरचा. 'डिअर सर', मोडक्या इंग्रजीत दोन ओळी, सोबत पीडीएफ. स्पॅमची सगळी लक्षणं! कोंड्याबरोबर दाणाही उडाला आणि उडाल्याचं कुणाला कळलंही नाही, असा हा प्रकार आहे. कचऱ्याचा मेल आत आला तर डिलीट करायला दोन सेकंद लागतात. चौकशी हरवली तर कंटेनर हरवतो.

बारीक चाळणी लावायचीच असेल तर निदान दारातच नाकारा. सर्व्हरने मेल घेण्याआधी 550 चं, म्हणजे 'घेत नाही' असं, उत्तर दिलं तर पाठवणाऱ्याला 'पोहोचला नाही' अशी पावती जाते, खरा गिऱ्हाईक असेल तर तो फोन तरी करतो. मेल घ्यायचा आणि मग गुपचूप फेकायचा, हे सगळ्यात वाईट. आणि आधी घेऊन मागाहून 'नाकारला' असं कळवत बसलात तर ती पत्रं ज्याचा पत्ता खोटा वापरलाय त्या तिसऱ्याच माणसाच्या डोक्यावर पडतात. स्पॅम थांबवता थांबवता तुम्हीच स्पॅम पाठवणारे.

साक्री रोड

तापीकाठ, अनसबस्क्राइबबद्दल घाई करताय. बटणं दोन आहेत.

जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जे अनसबस्क्राइब दिसतं ते मेलच्या मजकुरातलं नसतं, हेडरमधल्या (मेलसोबत येणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या माहितीतल्या) सूचनेवरून जीमेल ते दाखवतं. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूने नियम लावत नेले. जीमेलवर दिवसाला 5000 किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याने जाहिरातीच्या मेलला एका क्लिकचं अनसबस्क्राइब द्यायचं आणि दोन दिवसांत नाव काढायचं. स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्याच्या खाली ठेवायच्या. म्हणजे बियाणं कंपनी, विमा, ऑनलाइन दुकान असल्या ओळखीच्यांना वरचं बटण खुशाल दाबा.

मजकुराच्या तळाशी बारीक अक्षरांत जी लिंक असते, ती अनोळखी मेलमधली असेल तर हात लावायचा नाही. तिथे तापीकाठ बरोबर आहेत. तिथे 'रिपोर्ट स्पॅम'.

पण ओळखीच्या दुकानावर रागाने 'रिपोर्ट स्पॅम' दाबू नका. पुढच्या महिन्यात त्यांचं बिलही स्पॅममध्ये जातं आणि मग 'बिल आलंच नाही' म्हणून भांडण.

केळीचं पान

1909 वर डीएनडी ('त्रास देऊ नका' ची नोंद) लावून हे मेल थांबतात का?

साक्री रोड

नाही. ती सोय ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) 2018 च्या नियमांखाली फोन आणि एसएमएससाठी आहे. मेल त्यात येत नाही. त्रास देणाऱ्या मेलचा उल्लेख असलेलं आयटी कायद्याचं कलम 66अ सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर 66ड आहे, पण ते फसवणुकीसाठी, नुसत्या कटकटीसाठी नाही.

तापीकाठ

डाळबट्टी, दारात नाकारायचं हे मान्य. वरच्या बटणाचंही मान्य. पण 'दोन सेकंद' नाही पटत. मेल बघणारा मालक नसतो, पेढीवरचा पोरगा असतो. शंभरातला एक मेल बनावट बिलाचा असला आणि त्याने तो उघडला, की दोन सेकंदांचा हिशोब संपला.

डाळबट्टी

तुम्हनं म्हननं खरं शे, पण त्याला उपाय भिंत नाही, वाट आहे. जीमेलमध्ये फिल्टर बनवा. सेटिंग्ज, मग फिल्टर्स, नवीन फिल्टर. 'हॅज द वर्ड्स' मध्ये धंद्याचे शब्द इंग्रजीत टाका: केळीवाल्याने बनाना आणि रीफर (थंड कंटेनर), डाळवाल्याने तूर आणि एफओबी (जहाजावर माल चढवेपर्यंतचा भाव). पुढच्या पानावर 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' वर खूण आणि 'चौकशी' असं लेबल. शब्द किमान दोन ठेवा. दोन शब्दांमध्ये नुसती जागा सोडली की दोन्ही असतील तरच मेल पकडला जातो. एकट्या 'बनाना' वर दार उघडलंत तर जगातल्या सगळ्या पाककृती आत येतील.

आणि दर सोमवारी शोधपट्टीत 'इन:स्पॅम' लिहून पुढे तेच शब्द. दोन मिनिटांचं काम. 30 दिवसांत साफ होतं म्हणता ना, मग त्याआधी चार वेळा नजर गेलीच पाहिजे.

कळणाभाकर

चाळणीवर एवढं भांडताय, पण पैसे ज्या मेलमुळे जातात तो दोन्ही चाळण्यांतून न अडकता आत येतो. 'आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट या खात्यावर करा.' त्यात लिंक नाही, जोडपत्र नाही, एकही संशयास्पद शब्द नाही. फिल्टर पकडणार तरी काय?

तो दोन प्रकारे येतो. एक, मिळतंजुळतं डोमेन, म्हणजे ॲटच्या पुढचं नाव. इंग्रजी 'एम' च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटून लिहिले की मोबाईलवर फरक कळत नाही, त्यात ॲपमध्ये नुसतं नाव दिसतं. नावावर टिचकी मारून पूर्ण पत्ता उघडा, एकेक अक्षर वाचा. 'रिप्लाय-टू' वेगळा आहे का तेही तिथेच दिसतं. डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का ही तपासणी) 'पास' बघून निश्चिंत होऊ नका. चोराने स्वतःच्या डोमेनला सगळं नीट लावलेलं असलं तर तिथेही पासच येणार.

दोन, व्यापाऱ्याचाच मेलबॉक्स फुटलेला, चोराच्या हाती लागलेला असतो. पत्ता खरा, जुन्या पत्रव्यवहाराच्या साखळीतच उत्तर. अशा वेळी आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. स्वतःचा मेलबॉक्स फुटल्याची शंका आली तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' उघडून बघा. 'पेमेंट शब्द असलेले मेल बाहेर पाठव आणि इथून पुसून टाक' असा नियम तिथे बसवलेला सापडतो आणि पासवर्ड बदलला तरी तो चालूच राहतो. पैसे गेलेच तर त्याच तासाला 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, बँकेत चक्कर नंतर.

तापीकाठ

याला चाळणी नाही, कबूल. पण आपल्या नावाने दुसऱ्याला असा मेल जाऊ नये याची चाळणी आहे. स्वतःच्या डोमेनला एसपीएफ (आपल्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्यांची नोंद), डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही), डीमार्क लावा, आणि डीमार्क थेट 'रिजेक्ट' वर, म्हणजे नापास मेल नाकाराच.

साक्री रोड

थेट नको! आपलीच बिलं उडतील. पाठवणाऱ्या जागा मोजा आधी: ऑफिसचा मेल, वेबसाईटचा फॉर्म, बिलिंगचं सॉफ्टवेअर. त्यातली एक जरी एसपीएफमध्ये घालायची राहिली आणि तिची डीकेआयएम सही आपल्या डोमेनची नसली, तर 'रिजेक्ट' लावल्या दिवशी तिचे मेल बंद. आधी 'नन' (काही अडवू नका, फक्त कळवा), महिनाभर येणारे अहवाल वाचा, मग 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये), मग 'रिजेक्ट'. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच. दोन टाकल्या तर दोन्ही बाद. तिच्या आतली डीएनएस (डोमेनच्या नोंदवह्यांकडची) विचारणा दहाच्या वर गेली तरी बाद, आणि चारदोन सेवांचे 'इन्क्लूड' (त्यांच्या नोंदी आपल्या नोंदीत ओढणारे शब्द) जोडले की दहा सहज होतात.

आपल्याकडची नेहमीची चूक वेगळीच आहे. 'इन्फो' चे सगळे मेल मालकाच्या जीमेलला आपोआप फॉरवर्ड. त्याबरोबर स्पॅमही जातो, आणि जीमेलच्या लेखी तो तुमच्या होस्टिंगच्या सर्व्हरने पाठवलेला. मूळ पाठवणाऱ्याचा एसपीएफही तिथे मोडतो, कारण पत्ता त्याचा आणि सर्व्हर तुमचा. थोड्या दिवसांत चांगले मेलसुद्धा उशिरा येतात किंवा येतच नाहीत. फॉरवर्ड काढा, मोबाईलच्या जीमेल ॲपमध्ये ते खातं आयमॅपने (सर्व्हरवरचा मेलबॉक्स थेट दाखवणाऱ्या पद्धतीने) जोडा.

तापीकाठ

'नन' पासून सुरुवात चालेल, पण महिना म्हणजे महिना. 'नन' वर वर्षानुवर्षं पडलेली डोमेनं थोडी नाहीत. सोमवारची नजरही घाला. कॅच-ऑल मात्र बंद.

डाळबट्टी

बंद करा, पण आठवडाभर थांबून. तोवर चालू कॅच-ऑलमध्ये कुठल्या चुकीच्या स्पेलिंगवर खरे मेल येतात ते टिपा. जळगावचं स्पेलिंग 'जे-ए-एल' की 'जे-ए-एल-ए' यावर बाहेरच्यांचा घोळ होतोच. तेवढ्या दोनतीन नावांचं एलियास (त्याच मेलबॉक्सला जाणारं दुसरं नाव) करा, मग खुशाल कुलूप लावा.