शांततेसाठी उपवास: नक्की नियम काय?

प्रश्न: युद्ध थांबावं म्हणून आमच्या कॅथलिक पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) शुक्रवारी उपवास आणि रोझरी (जपमाळेची प्रार्थना) ठेवायची आहे. उपवास निर्जळी असतो का? कोणाला सूट?

उत्तर १: निर्जळी नाही. दिवसात एकदा पोटभर जेवण. बाकी दोन वेळा थोडंसं, पण ते दोन्ही मिळून एका पूर्ण जेवणाइतकं होता कामा नये. मांस नाही. राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेला १८ ते ५९ वयाच्यांना हे बंधनकारक; आजारी, गरोदर यांना सूट. शांततेचा उपवास मात्र आवाहन असतं, सक्ती नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी ७ सप्टेंबर २०१३ ला सिरियासाठी, २ मार्च २०२२ ला युक्रेनसाठी असंच आवाहन केलं होतं.

उत्तर २: शुक्रवार आहे, म्हणजे रोझरीत दुःखाची रहस्यं (येशूच्या दुःखभोगाच्या प्रसंगांवर मनन). पाच दशकांना, म्हणजे दहा-दहा ‘नमो मरिया’ प्रार्थनांच्या पाच गटांना, वीसेक मिनिटं पुरतात. घोटाळा होतो तो लयीत: पुढे बसलेले लोक ‘नमो मरिया’चा आपला भाग संपवायच्या आत मागे बसलेले उत्तराचा भाग सुरू करतात. माईकवर एकच आवाज ठेवा. लितानीतली (मरियेच्या नावांची विनवणीमाला) ‘शांतीची राणी’ ही ओळ विसरू नका, ती पहिल्या महायुद्धातच जोडली गेली.

उत्तर ३: मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) असेल तर ख्रिस्तप्रसादाआधी (तिथे मिळणाऱ्या पवित्र भाकरीआधी) तासभर काही खायचं नाही, पाणी, औषध चालतं. उपाशीपोटी लांबलचक आराधना ठेवली की चक्कर येतेच. खुर्च्या मांडा!