ओळखीचे पेपर: व्याख्या की प्रयोग?
‘पहिल्या वर्षाचे ओळखीचे (विषयाची तोंडओळख करून देणारे) पेपर म्हणजे नुसती व्याख्यांची घोकंपट्टी’ असं एक मत आहे, ते मला अर्धंच पटलं. दोष विषयाचा नाही, शिकवण्याचा. मानसशास्त्रात ‘वुंट, लाइपझिग, १८७९’ (विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत त्या वर्षी काढलेली मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा) सगळे पाठ करतात. पण त्या प्रयोगशाळेत आवाज ऐकल्यावर हात हलायला किती वेळ लागतो हे मोजत, ते कोण सांगतं? (आमचे सर फक्त नोट्स उतरवून द्यायचे.) वर्गात एकाने उभी पट्टी सोडावी, दुसऱ्याने चिमटीत पकडावी. पट्टी १५ सेंटिमीटर घसरल्यावर सापडली तर हात हलायला लागलेला वेळ साधारण ०.१७ सेकंद. मनाला घड्याळ लावणं म्हणजे काय, ते तिथे कळतं! वेल्डिंगच्या वर्गात तर सुरुवातीलाच हातात होल्डर (वेल्डिंगचा रॉड धरायचा चिमटा) येतो, आणि रॉड धातूला हमखास चिकटून बसतो.