खटला जोडी विल्सन-रेबोल्ड यांच्या हातात होता का?
काही जण म्हणतात की कॅनडाच्या पहिल्या आदिवासी कायदामंत्री जोडी विल्सन-रेबोल्ड यांनी लाचखोरीचा आरोप असलेल्या एसएनसी-लाव्हलिन या बांधकाम कंपनीशी खटल्याऐवजी होणारी तडजोड उगाच अडवली. मुळात तो निर्णय त्यांचा नव्हताच. २००६ च्या कायद्यापासून असे केंद्रीय खटले स्वतंत्र अभियोग संचालक चालवतात आणि कंपनीशी वाटाघाटी नकोत हे संचालकांनीच सप्टेंबर २०१८ मध्ये ठरवलं. ते फिरवायचं तर ॲटर्नी जनरलने (सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने) लेखी आदेश काढून राजपत्रात छापायला हवा; पंतप्रधान कार्यालयाच्या तोंडी ‘जरा बघा ना’ला तिथे किंमत नाही. घोळ होतो तो कायदामंत्री आणि ॲटर्नी जनरल एकच व्यक्ती असते म्हणून. व्हँकूव्हरमध्ये सरकारी वकिली केलेल्या बाईंना हा फरक चांगलाच ठाऊक होता. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचं कायदा खातं गेलं, एप्रिलमध्ये त्यांच्या लिबरल पक्षाने काढलं. ऑक्टोबरमध्ये मात्र व्हँकूव्हर ग्रॅनव्हिलमधून त्या अपक्ष निवडून आल्या.