मदत हवी आहे: अंध मुलीला वारली कागदावर कशी काढू द्यावी?

नाशिकला सिडकोत सहावीला चित्रकला शिकवते. वर्गात ४६ मुलं, तास ३५ मिनिटांचा. एक मुलगी पूर्ण अंध, एका मुलाला सेरेब्रल पाल्सी (हालचालींवर नीट ताबा राहत नाही).

सध्या वारली चालू आहे. गोल, त्रिकोण, रेघा, म्हणून वाटलं सगळ्यांना जमेल. मुलाचं मार्गी लागलं: ब्रशच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, कागद बाकाला चिकटपट्टीने डकवला. त्याची माणसं जरा लठ्ठ निघतात, पण नाचतात झकास.

अडलंय मुलीचं. मेंदीच्या कोनात फेविकॉल भरून उठावाच्या रेघा काढून नेल्या. त्या वाळायला रात्र जाते. म्हणजे चित्र माझं, ती नुसती बोट फिरवणार! लोकरीचे तुकडे सरकतात. कागदाखाली मच्छरजाळी ठेवून मेणखडू दिला, तर रेघ बोटाला लागते, पण त्रिकोणाचं टोक सापडत नाही. शाडूत रमली, तरी "मला पण कागदावरच काढायचंय" म्हणाली.

ग्लू गन वर्गात नको, तिला वेगळं बसवायचं नाही, मदतनीस नाही. खर्च माझ्या खिशातून, दोन-तीनशेपर्यंत.

रबरी शीटवर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवून बॉलपेनने दाबलं की रेघ उठते, हे माहीत आहे. घरी माउसपॅड आणि किराण्याच्या पिशवीवर करून पाहिलं, पिशवी फाटली. कुणी वर्गात वापरलंय का? रबर किती जाडीचं, प्लास्टिक कुठलं, आणि मेन रोड-रविवार कारंजा भागात ते कुठल्या प्रकारच्या दुकानात मागू?